ई-मेलची टपालपेटी : बिघाड, दुरुस्ती व जपणूक

पनवेल नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या दीर्घ काळात सार्वजनिक कामकाजाचे दप्तर मुख्यतः कागदावरच वाढले. वाळवी आणि ओल हे त्याचे परिचित शत्रू होत. आज मात्र शिक्षक, पंचायत सदस्य, गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस अशा अनेकांचा पत्रव्यवहार घरच्या संगणकावरील ई-मेलमध्ये साठलेला असतो. हे दप्तर बिघडले असता मूळ बिघाडापेक्षा घाईने केलेल्या उपायानेच पुष्कळदा अधिक हानी होते.

टपालपेटीची रचना समजून घेतली म्हणजे याचे कारण ध्यानात येते. थंडरबर्डसारख्या कार्यक्रमात एका कप्प्यातील सर्व पत्रे सामान्यतः एकाच लांबलचक फाइलीत एकापुढे एक लिहिली जातात व शेजारी त्यांची सूची ठेवलेली असते. कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर पहिली फाइल म्हणजे पत्रांचा गठ्ठा आणि दुसरी म्हणजे आवक नोंदवही. नोंदवही फाटली तरी गठ्ठा शाबूत असू शकतो. कप्पा रिकामा दिसतो, वापरणारा हवालदिल होतो. प्रत्यक्षात पत्रे जागच्या जागी असतात. पारंपरिक आउटलुकमध्ये मात्र पत्रे, सूची व पत्ते हे सर्व एकाच पीएसटी फाइलीत असते, त्यामुळे तेथील बिघाड अधिक खोल जातो. जुन्या आवृत्त्यांत ही फाइल २ जीबीच्या मर्यादेपर्यंत पोचताच पेटी उघडेनाशी होई. २०१० च्या आवृत्तीपासून ही मर्यादा सामान्यतः ५० जीबी आहे. तथापि मोठी फाइल दुरुस्त करण्यास वेळही तितकाच लागतो.

बिघाडाचे नेहमीचे कारण म्हणजे फाइलीत लेखन चालू असताना वीज जाणे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर परिसराचा वीजपुरवठा अकस्मात खंडित झाला होता. पावसाळ्यातील लहान खंड तर नित्याचेच. यूपीएसमुळे मिळणारी पाच-दहा मिनिटे कार्यक्रम रीतसर बंद करण्यास पुरेशी असतात. विषाणुरोधक कार्यक्रमाने एका दूषित पत्रापायी संपूर्ण पेटीच उचलून बाजूला ठेवणे, हे दुसरे कारण.

बिघाड आढळताच प्रथम कार्यक्रम बंद करावा आणि पेटीच्या फाइलींची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. पुढील सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. थंडरबर्डमध्ये कप्प्याच्या गुणधर्मांतील दुरुस्तीची आज्ञा नोंदवही नव्याने तयार करते. कप्पा ‘संक्षिप्त’ करण्याची आज्ञा मात्र या वेळी कटाक्षाने टाळावी. पुसलेली पत्रे गठ्ठ्यातून तत्काळ नाहीशी होत नाहीत. ती नाहीशी होतात संक्षेपानंतर. आउटलुकसोबत स्कॅनपीएसटी हा दुरुस्तीचा कार्यक्रम येतो. त्रुटी संपेपर्यंत तो पुनःपुन्हा चालवावा लागतो.

येथे मराठी वाचकाची एक विशेष फसगत होते. थंडरबर्डची फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडता येते; पण मराठी पत्रांच्या जागी बहुधा रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग दिसते. हा बिघाड नव्हे. देवनागरी मजकूर ई-मेलमधून पाठविताना तो बहुधा अशा सांकेतिक रूपात गुंफला जातो. एवढ्यावरून पत्रे गेली असे समजून फाइल पुसू नये.

खाते कोणत्या पद्धतीचे आहे, हेही पाहावे. आयमॅप पद्धतीत पत्रे सेवा देणाऱ्याच्या संगणकावर असतात व तेथून ती पुन्हा उतरविता येतात. पॉप पद्धतीत ती घरी उतरवून तेथून काढून टाकली गेली असतील, तर घरची फाइल हीच एकमेव प्रत होय. आयमॅपलाही राखीव प्रत समजू नये, कारण घरी पुसलेले पत्र तेथूनही पुसले जाते.

पत्र कागदावर छापून ठेवले की काम झाले, असा समज अनेकांचा असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ अन्वये, एखादा अभिलेख जतन करणे कायद्याने आवश्यक असेल आणि तो इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवावयाचा असेल, तर तो पुढे पाहता येण्याजोगा असावा लागतो. त्याचे मूळ रूप, किंवा मूळ माहिती अचूक दर्शविणारे रूप टिकावे लागते. तसेच पाठविणारा, पोचण्याचे ठिकाण, दिनांक व वेळ ओळखता येईल असा तपशीलही त्या अभिलेखात उपलब्ध असावा लागतो. छापील कागदावर शीर्षातील पुष्कळसा तपशील उतरत नाही. अनुदानाच्या वा निविदेच्या वादात नेमका तोच विचारला जातो.

राखीव प्रत आठवड्यातून एकदा, कार्यक्रम बंद असताना घ्यावी, आणि ती त्याच कपाटात ठेवू नये. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीचा तडाखा मुंबईप्रमाणे रायगड जिल्ह्यालाही बसला होता. तळमजल्यावरील संगणक आणि त्याशेजारची डिस्क अशा वेळी एकदमच पाण्यात जातात. दुसरी प्रत वरच्या मजल्यावर किंवा परगावच्या नातेवाइकाकडे असावी, आणि दर तिमाहीस ती दुसऱ्या संगणकावर उघडून त्यातील एखादे जुने पत्र जोडपत्रासह वाचता येते की नाही, हे पडताळावे.