बोली लावा, पण गणित करून!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोललो, आजीकडून ऐकलं, पण निबंध कधी लिहिला नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नको!

या सेमला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या सेमिनारला काय घ्यावं ते सुचत नव्हतं. दिवाळीत काकांकडे गेलो होतो. माळा आवरताना त्यांची एक जुनी वही सापडली. आत डॉलरचे आकडे, बाण, खाडाखोड आणि एका आकड्याभोवती लाल गोल. मला वाटलं शेअर मार्केट. काका म्हणाले, "अरे, ती आजोबांच्या शिकागो ट्रिपची वही आहे."

२००७ साली काका कोलंबसला प्रोजेक्टवर होते आणि आजी-आजोबा तिकडे गेले होते. आजोबांची एकच इच्छा होती. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद जिथे बोलले ती इमारत बघायची. ती आजही आहे, तिला आता आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो म्हणतात. ती आहे भर डाउनटाउनमध्ये, आणि आजोबांचे गुडघे तेव्हाच गेलेले. म्हणजे हॉटेल जवळच हवं. चांगल्या हॉटेलचे भाव ऐकून काकूंनी "एका दिवसात जाऊन येऊ" असं सुचवलं होतं. कोलंबस ते शिकागो गाडीने एका बाजूने सहा तास! मग काकांनी बोली लावायचं ठरवलं.

आता ही बोली काय भानगड आहे ते आधी बघू.

अमेरिकेत जे वॉकर नावाच्या माणसाने प्राईसलाईन ही कंपनी काढली. १९९८ मध्ये ती सुरू झाली, आधी विमानाची तिकिटं आणि पाठोपाठ हॉटेलच्या खोल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या पद्धतीचं पेटंटही मिळालं. योजनेचं नाव होतं 'नेम युवर ओन प्राईस', म्हणजे भाव तुम्हीच सांगा. शहर, तारखा, शहरातला भाग (याला झोन म्हणत) आणि किती स्टार हे निवडायचं. मग एका रात्रीला किती देणार तो आकडा टाकायचा आणि आधीच क्रेडिट कार्डाचा नंबर द्यायचा. बोली मान्य झाली की पैसे त्याच क्षणी कापले जात, आणि त्यानंतर हॉटेलचं नाव कळे. रद्द करणं नाही, बदल नाही, परतावा नाही. बोली अमान्य झाली तर तीच बोली वाढवून परत लावायला २४ तास थांबायचं.

आपल्याकडे मंडईत घासाघीस करताना भाव आधी भाजीवाली सांगते. मग आपण निम्मा म्हणतो, ती "परवडत नाही ताई" म्हणते, आपण दोन पावलं पुढे जातो, ती हाक मारते. यात दोघांनाही एकमेकांचा चेहरा दिसतो. इथे मात्र आधी तुम्ही बोलायचं आणि समोरचा फक्त हो किंवा नाही म्हणणार. त्याच्या मनातला कमीत कमी भाव, मी त्याला 'तळभाव' म्हणतो, तो कधीच सांगणार नाही.

हॉटेलवाले याला तयार का झाले? रात्री अकराला प्रायव्हेट ट्रॅव्हल्सची बस सुटायच्या बेतात असताना पोऱ्या ओरडत असतो बघा, "चला दोन सीट, दोन सीट!" बस सुटली की रिकाम्या सीटची किंमत शून्य. हॉटेलच्या खोलीचंही तेच, आजची रात्र उद्या विकता येत नाही. खोली दिली तर जास्तीचा खर्च चादरी, साबण आणि साफसफाईचा. म्हणजे ७० डॉलर आले तरी फायदाच. पण उघडपणे ७० चा बोर्ड लावला तर १९० देणारं नेहमीचं गिऱ्हाईकही ७० च देईल! म्हणून नाव झाकायचं. ज्याला ठरावीक हॉटेलच हवं तो पूर्ण भाव देतो आणि ज्याला फक्त चांगली खोली हवी तो झाकलेली घेतो. आपल्या पुस्तकात 'प्राईस डिस्क्रिमिनेशन' हा धडा आहे, तो मला या उदाहरणाने पहिल्यांदा कळला.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच लोकांना माहीत नसायची. समजा हॉटेलचा तळभाव ६५ आहे आणि तुम्ही ९० ची बोली लावली. तर मधले २५ हॉटेलला मिळत नसत आणि तुम्हाला परतही मिळत नसत. ते मधल्या कंपनीकडे राहत. आपल्या अज्ञानाची किंमत थेट डॉलरमध्ये! शिवाय जास्त बोली लावली म्हणून जास्त भारी हॉटेल मिळेल असंही नव्हतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या क्रिस अँडरसन यांनी २००९ मध्ये यावर पेपर लिहिला आहे. त्यानुसार त्या झोनमधलं एखादं हॉटेल रँडम पद्धतीने निवडलं जाई. तुमची बोली त्याला पुरली तर सौदा पक्का, नाही तर पुढचं हॉटेल. म्हणजे बोली मान्य व्हायला सगळ्यात स्वस्त हॉटेलचा तळभाव गाठला की पुरे. त्यावरून हेही निघतं, की झोनमध्ये तुमच्या दर्जाची हॉटेलं भरपूर असतील तर सुरुवात आणखी खालून करायला हरकत नाही.

आता काकांची वही. पहिल्या पानावर त्यांनी दोन आकडे लिहिलेत, ११० आणि ५०.

११० म्हणजे बोली न लावता मिळणारा सगळ्यात कमी भाव. हा शोधताना हॉटेलच्या बोर्डावरचा भाव धरायचा नाही. तेव्हा हॉटवायर नावाची दुसरी कंपनीही होती (२००० पासून), ती हॉटेलचं नाव झाकायची पण भाव उघड सांगायची. तिच्याकडे त्याच भागातली चार स्टार खोली ११० ला होती. तेव्हा ११० च्या वर बोली लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ५० म्हणजे काकांच्या अंदाजाने तळ, याच्या खाली कुणीच देणार नाही. हा अंदाज आधी बोली जिंकलेल्या ओळखीच्या लोकांना विचारून काढलेला. एक काळजी मात्र घ्यायची. बोलीवर टॅक्स आणि सर्व्हिस फी वेगळी लागते, तेव्हा तुलना करताना दोन्हीकडे सगळं धरून करा. डाउनटाउनमध्ये गाडीचं पार्किंगही वेगळं आणि महाग.

सेमिनारमध्ये सरांनी विचारलं, "एकच बोली लावायची असेल तर किती लावशील?" मी म्हणालो ६०, स्वस्तात मिळालं तर मिळालं. सर म्हणाले, "फळ्यावर ये."

समजा तळभाव ५० ते ११० मध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने असू शकतो. ६० ची बोली मान्य झाली तर ५० डॉलर वाचतात, पण ती मान्य व्हायची शक्यता ६० पैकी १०. गुणाकार ५००. १०० ची बोली लावली तर शक्यता ६० पैकी ५०, पण वाचतात फक्त १०. गुणाकार परत ५००! आणि ८० ला? ३० गुणिले ३०, ९००. म्हणजे एकच बोली असेल तर बरोबर मध्यावर. ज्यांना डेरिव्हेटिव्ह काढल्याशिवाय झोप येत नाही त्यांनी काढून बघा, तेच येईल. सरासरी बचत ९०० भागिले ६०, म्हणजे १५ डॉलर.

पण एकच बोली लावायची सक्ती नव्हती. खरी गंमत इथे आहे.

नियम असा होता की २४ तास न थांबता परत बोली लावायची असेल तर काहीतरी बदला. तारीख बदला, स्टार बदला किंवा आणखी एक झोन जोडा. तारीख बदलता येत नाही, स्टार कमी करायचे नाहीत. राहिला झोन. पण झोन जोडला की हॉटेल तिकडे मिळायची भीती! आजोबांना विमानतळाजवळ नेऊन काय दाखवणार, विमानं? तर लोकांनी शोधलेली युक्ती अशी. ज्या झोनमध्ये चार स्टार हॉटेलच नाही, तोच झोन जोडायचा. तुम्ही चार स्टार मागितलंय, त्यामुळे त्याखालचं हॉटेल मिळू शकत नाही आणि त्या झोनमध्ये चार स्टार नाहीच. म्हणजे खोली मिळाली तर डाउनटाउनमध्येच मिळणार, आणि एक बोली फुकट! असे तीन रिकामे झोन सापडले तर एकाच दिवशी एकूण चार बोल्या. मात्र "रिकामा" याचा अर्थ नीट घ्या. तीन स्टारची बोली असेल तर त्या झोनमध्ये तीन किंवा त्याहून वरचं एकही हॉटेल नको, कारण वरचा दर्जाही मिळू शकतो. आणि ही यादी जुनी असेल तर घात. मधल्या काळात तिथे नवीन हॉटेल आलं असेल तर तुम्ही पैसे भरून शहराबाहेर!

चार बोल्या कशा लावायच्या? गणित सांगतं, सारख्या अंतराने. ५० ते ११० चे पाच समान भाग करा. ६२, ७४, ८६, ९८. तीन बोल्या असतील तर ६५, ८०, ९५. सरासरी बचत एका बोलीला १५, दोनला २०, तीनला २२.५०, चारला २४, पाचला २५. कितीही बोल्या लावल्या तरी ३० च्या पुढे जात नाही. तिसऱ्या-चौथ्यानंतर मिळकत किती घटते बघा. हान आणि टेरविश या दोघांनी २००३ मध्ये अशाच एका जर्मन विक्रेत्याचे आकडे तपासले होते. पुन्हा पुन्हा बोली लावायचा कंटाळा आणि वेळ यांची किंमत ग्राहकाच्या दृष्टीने दर बोलीला काही युरो पडते, असं त्यांना आढळलं. म्हणजे पाचवी बोली बहुतेक तोट्याचीच!

या गणितात एक भोक आहे आणि ते मीच सांगतो, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सवाले सांगतील. सगळ्या बोल्या हुकल्यावर ११० ची खोली शिल्लक असेलच हे आपण धरून चाललोय. शहरात मोठी परिषद वगैरे असेल तर तोवर ती पण जाते.

काकांनी काय केलं? ५५, नाही. ६२, नाही. ७०, नाही. वहीत तीन फुल्या आहेत. म्हणजे सुरुवातीला चिकटपणा करून त्यांनी तीन बोल्या ७० च्या आतच संपवल्या. शेवटची राहिली. काकू मागे उभ्या, आजोबा सोफ्यावर पेपर वाचल्याचं नाटक करत. गणित म्हणतं ९० च्या आसपास जा. काकांनी ८५ टाकले आणि बटण दाबलं. मान्य! नाव आलं, आर्ट इन्स्टिट्यूटपासून चालत दहा मिनिटं. दोन खोल्या, दोन रात्री, टॅक्स सोडून ३४० डॉलर. ११० ने ४४० झाले असते. वाचलेले १०० डॉलर म्हणजे तेव्हाचे चार हजार रुपये. खोलीत एकच मोठा पलंग निघाला म्हणून आजी जरा कुरकुरली. पलंग कसा मिळेल याची हमी नियमातच नव्हती, पण काकांनी नियम वाचले होते कुठे!

हा प्रकार आता संपलाय. कंपनीने २०१२ च्या एका जाहिरातीत विल्यम शॅटनर यांचं 'निगोशिएटर' हे लाडकं पात्र बस अपघातात मारून टाकलं, कारण तेव्हा तिला ठरलेल्या भावाच्या खोल्या विकायच्या होत्या. २०१६ मध्ये विमान तिकिटांची बोली बंद झाली, पुढे हॉटेलांचीही. लोकांना मोबाईलवर दोन मिनिटांत पक्का भाव हवा असतो. नाव झाकून स्वस्तात खोली द्यायची पद्धत मात्र अजून चालू आहे, फक्त भाव ते सांगतात. तेव्हा तुमच्यापैकी कुणी एम.एस.ला गेलात आणि आई-बाबा भेटायला आले, तर झोन, स्टार आणि टॅक्स तपासायचं काम आजही आहे, आणि परतावा नाही हेही तसंच आहे.

काकांच्या वहीत लाल गोल ८५ भोवती आहे. शेजारी पेन्सिलीने '७५?' असं लिहिलंय. ७५ ला मिळाली असती का हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आजोबा त्या हॉलबाहेर पाऊण तास उभे होते, गुडघ्यांचं नाव नाही काढलं. तू मला दहा डॉलरचं काय विचारतोस?"

सेमिनारच्या स्लाईड्स कुणाला हव्या असतील तर रात्री मेसमध्ये भेटा.