मेंदूची जखम

मुंबई-अहमदाबाद महामार्ग डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून जातो. त्यावर वाहनांची सतत वर्दळ असते. अपघात झाला, की लोक आधी विचारतात, "डोक्याला मार लागला का?" हाताचे मोडलेले हाड जुळते. खरचटलेल्या गुडघ्यावर नवी कातडी येते. मग डोक्याचीच एवढी काळजी का?

'जखम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतही तो आहेच. पण कातडीची जखम आणि मेंदूची, म्हणजे दिमागाची, जखम यांत मोठा फरक आहे. कातडीतील पेशींपासून नव्या पेशी तयार होत राहतात. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांचे असे विभाजन होत नाही. एखादी मेली, तर तिची जागा बहुधा रिकामीच राहते.

मोठेपणी मेंदूत नवी चेतापेशी जन्मतच नाही, असे शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे मानत. १९६२ मध्ये जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी दाखवल्या, पण त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. १९९८ मध्ये माणसाच्या मेंदूतही, स्मरणशक्तीच्या भागात, त्या आढळल्या. यावर अजून वाद चालू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांनी उंदरांच्या मेंदूतील याच भागाचा अभ्यास केला आहे.

२००२ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांना एक नवल दिसले. उंदराच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ थांबवल्यावर, मेंदूतील पोकळीच्या कडेला जन्मलेल्या पेशी इजेच्या जागेकडे निघाल्या! पेशीला पाय कुठले? ती पुढे बारीक टोक काढते आणि मागचे अंग ओढून घेते. पण त्यांतील बहुतेक पेशी पुढे मेल्या. गेलेल्या पेशींपैकी एक टक्काही भरून निघाल्या नाहीत.

तरीही काही रुग्ण पुन्हा बोलू-चालू लागतात. ते मुख्यतः वाचलेल्या पेशींमुळे. घोलवडच्या चिकूची फांदी छाटली, तर उरलेल्या भागाला नवे फुटवे येतात. तसे वाचलेल्या चेतापेशींना नवे धागे फुटतात आणि गेलेल्या पेशींचे थोडे काम त्या शिकतात. त्यासाठी सराव लागतो. वाटी उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. असे कित्येक महिने चालते. रुग्ण चिडतो, घरचे कंटाळतात. पण वाटी पुन्हा त्याच्या हाती द्यावी लागते.

स्वाध्याय
१. कातडीची जखम आणि मेंदूची जखम यांत कोणता फरक आहे?
२. पेशी पुढे कशी सरकते?
३. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट का घालावे? पाठाच्या आधारे सांगा.