नको असलेल्या नोंदी

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मिळून एक महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तबकड्यांनी टिपलेले तरंग संगणक आपोआप नोंदवतो. परंतु कोणता आकडा आकाशातील आणि कोणता विजेच्या तारेवरील ठिणगीचा, हे नोंदींच्या तक्त्याला काय ठाऊक?

समजा, लागोपाठच्या नोंदी ५, ६, ५, ९००, ६ अशा आहेत. त्यांची सरासरी १८४.४ येते. एका ठिणगीने सारे बिघडवले! मध्यक मात्र ६ च राहतो. म्हणून मध्यकापासून फार दूर गेलेली नोंद बाद करतात.

पण स्पंदक तारेही क्षणिक झटकेच पाठवतात. ते पुसले गेले तर? येथे निसर्गच खूण देतो. अवकाशातील विरळ इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदकाच्या झटक्यातील कमी वारंवारतेचे तरंग उशिरा पोचतात. जवळच्या ठिणगीचे सर्व तरंग एकदमच येतात.

तेव्हा मित्रांनो, वेगळी दिसणारी प्रत्येक नोंद खोटी नसते. ती कोठून आली, हे आधी तपासावे. आता ९०० च्या जागी ९००० घ्या आणि सरासरी व मध्यक पुन्हा काढून पाहा.