घरगुती कोकण मेव्याच्या विक्रीसाठी वर्षभराच्या साठ्याचे नियोजन

कोकणातील अनेक शेतकरी कुटुंबे आमसूल, आगळ, आंबापोळी, फणसपोळी व फणसाचे पापड घरी हाताने तयार करून रस्त्यालगतच्या छोट्या दुकानातून विकतात. माल तयार होतो मार्च ते मे या काळात; गिऱ्हाईक मात्र वर्षभर विखुरलेले असते. जूनमध्ये भाताचे बियाणे, खते व मुलांच्या शाळेसाठी रोकड लागते. मग हाती असलेला माल मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला दिला जातो आणि गणपतीला चाकरमानी दारात येतात तेव्हा फळी रिकामी असते. आमच्या घरीही काही वर्षे हेच घडत असे. त्यावर उपाय म्हणजे हंगामापूर्वीच साठ्याचा हिशेब मांडणे.

विक्रीची नोंद : साधी वही ठेवावी. रोज कोणता माल किती विकला हे लिहावेच, पण माल नसल्याने कोणी परत गेले असल्यास तेही लिहावे. ही न भागलेली मागणी नुसत्या विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही.

किती माल करावा : समजा, वहीप्रमाणे आमसुलाची विक्री जून-जुलैत 10 किलो, गणपतीच्या काळात 40, दिवाळीच्या सुमारास 25, हिवाळ्यात 30 आणि मार्च ते मे 35, अशी एकूण 140 किलो झाली. न भागलेली मागणी 10 किलो धरल्यास गरज 150 किलो होते. जुना चांगला माल 15 किलो उरणार असेल, तर नवा 135 किलो करावा. जूनच्या खर्चासाठी ठोक विकायचे 30 किलो यात न धरता वेगळे करावेत. गणपतीच्या 40 किलोंना हात लावू नये.

सणाची तारीख : गणेश चतुर्थी 2023 साली 19 सप्टेंबरला होती, तर 2025 साली 27 ऑगस्टला. म्हणून नोंद महिन्याऐवजी सणानुसार करावी आणि पंचांग पाहून बरण्या, पिशव्या व लेबले किमान महिनाभर आधी आणावीत.

टिकाऊपणानुसार वाटणी : चांगले वाळलेले आमसूल व पुरेसे मीठ घातलेले आगळ जास्त दिवस टिकते, त्याचा साठा मोठा ठेवता येतो. आंबापोळी व फणसपोळी पावसाळी दमट हवेत ओलावा धरते व तिला बुरशी येते, म्हणून तिचा साठा बेताचा ठेवावा. लाडू, चिवडा यांसारखे पदार्थ साठवू नयेत. आठवड्याच्या खपापुरतेच करावेत.

साठवण : माल पूर्ण वाळवून, थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावा. गोणपाटात ठेवू नये. डबे जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावेत. प्रत्येक डब्यावर तयार केल्याची तारीख लिहावी व जुना माल आधी विकावा. सर्व माल एकदम लहान पाकिटांत न भरता मागणीप्रमाणे भरावा. पावसाळ्यात दर आठवड्याला डबे उघडून पाहावेत. बुरशी दिसलेला माल विकू नये. पाकिटांवर अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक व तारीख असावी.

पहिल्या वर्षी अंदाज थोडा चुकेल. परंतु वही नियमित लिहिल्यास दुसऱ्या वर्षापासून अंदाज सुधारत जाईल आणि घरच्या मेहनतीला सणात चांगला भाव मिळू शकेल.