बदाम : एक नाव, दोन झाडे

ईदच्या दिवशी तुमच्या घरी शीरखुर्मा होतो. त्यात बदामाचे काप असतात. कोजागिरीच्या रात्री मसाला दुधातही बदाम घालतात. तुम्ही उर्दूत 'बादाम' म्हणता, मराठीत 'बदाम' म्हणतात. हा शब्द दोन्ही भाषांनी फारसीतून घेतला आहे.

बदामाचे झाड तुम्ही पाहिले आहे का? "हो, आमच्या रस्त्यावरच आहे," असे काहीजण म्हणतील. मुंबईत आणि कोकणात मोठ्या पानांचे एक झाड दिसते. गळण्यापूर्वी त्याची पाने लाल होतात. मुले त्याचे फळ दगडाने फोडून आतला लहानसा गर खातात. हा देशी बदाम. त्याचे फळ समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूर जाते आणि तेथे रुजते. पण शीरखुर्म्यातला बदाम या झाडाचा नव्हे.

तो बदाम जर्दाळूच्या कुळातला आहे. त्याला हिवाळ्यात चांगली थंडी लागते. म्हणून तो कोकणात होत नाही, काश्मीरमध्ये होतो. श्रीनगरला हरी पर्बत टेकडीच्या पायथ्याशी 'बादामवारी' ही बाग आहे. वसंत ऋतूत तेथील झाडांना आधी पांढरी-गुलाबी फुले येतात, मग पाने. आज जगातील बहुतेक बदाम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पिकतात.

या बदामाचेही दोन प्रकार आहेत : गोड आणि कडू. दोन्ही दिसायला सारखेच. पण कडू बदाम चावला की त्यातून सायनाइड हे विष तयार होते. थोडे कडू बदामही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. रानटी बदाम बहुधा कडूच असतात. हजारो वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी गोड बिया देणारी झाडे निवडून लावली. एका जनुकातील बदलामुळे बदाम गोड झाला, हे शास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवून दिले.

तेव्हा एखादा बदाम कडू लागला, तर संकोचाने गिळू नका. लगेच थुंकून टाका व चूळ भरा. नाव सारखे किंवा रूप सारखे, म्हणून गुण सारखे नसतात. पारख करूनच वस्तू घ्यावी, हे बदाम आपल्याला शिकवतो.

शब्दार्थ : काप – पातळ तुकडे, जिवावर बेतणे – जीव धोक्यात येणे, पारख – परीक्षा.

स्वाध्याय
१) शीरखुर्म्यातला बदाम कोकणात का होत नाही?
२) कडू बदाम का खाऊ नये?
३) उर्दूत व मराठीत सारखे असलेले पाच शब्द लिहा.