दोन धुकी आणि एक आगगाडी

थंडीच्या दिवसांत सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते, हे तुम्ही पाहिले आहे. उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की त्याला बाहेरून घाम सुटतो, हेही तुमच्या नित्याच्या पाहण्यातले आहे. पहिल्या उदाहरणात ऊबदार दमट हवा थंड हवेत मिसळते. दुसऱ्यात ऊबदार हवा थंड वस्तूला येऊन भिडते. या दोन्ही गोष्टी एकाच गावात आणि फार मोठ्या प्रमाणावर पाहायच्या असतील, तर जपानमधील हायातो या लहानशा गावी जावे. तेथे गरम पाण्याचे झरे आहेत, थंड पाण्याची नदी आहे, आणि या दोहोंच्या मधून आगगाडी जाते. या गाडीचे छायाचित्र टिपण्यासाठी देशोदेशीचे हौशी लोक पहाटेच्या अंधारात डोंगर चढून जातात.

होन्शू या जपानच्या मुख्य बेटावर फुकुशिमा जिल्हा आहे. त्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागाला आइझु म्हणतात. आइझु-वाकामात्सु या शहरातून तादामी मार्गाची डिझेल गाडी सुटते. ती सुमारे ५० किलोमीटर अंतर कापून हायातोला पोहोचते. संपूर्ण मार्ग कोइदेपर्यंत १३५.२ किलोमीटरांचा आहे. हायातो मिशिमा या गावाच्या हद्दीत येते. स्टेशन म्हणजे एक फलाट, एक छोटी खोली आणि समोर तादामी नदी. येथून थोड्याच अंतरावर गरम पाण्याची स्नानगृहे आहेत. जपानी भाषेत अशा ठिकाणाला ‘ओन्सेन’ म्हणतात. या शब्दाला तेथे कायद्याचा अर्थ आहे. १९४८ सालच्या कायद्याप्रमाणे उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सियस असावे लागते, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी घटक त्यात पुरेशा प्रमाणात असावा लागतो. म्हणजे पाणी थंड असूनही ते कायद्याने ‘ओन्सेन’ ठरू शकते! शेजारच्या कानेयामा गावात ओशिओ येथे एक विहीर आहे. तिच्यातून निघणारे पाणी मुळातच सोड्याच्या बाटलीसारखे फसफसते.

हे पाणी गरम का, आणि त्यात वायू कोठून येतो? हायातोपासून जवळच नुमाझावा नावाचे गोलसर सरोवर आहे. ते ज्वालामुखीच्या मुखात साठलेले पाणी आहे. या ज्वालामुखीचा शेवटचा मोठा उद्रेक सुमारे ५,४०० वर्षांपूर्वी झाला. मानवाच्या दृष्टीने हा काळ फार मोठा वाटतो. खडकांच्या दृष्टीने मात्र चूल नुकतीच विझली आहे, निखारे अजून तसेच आहेत. अशा प्रदेशात खोल मुरलेले पावसाचे आणि बर्फाचे पाणी तापते, खडकांतील क्षार विरघळवते, कार्बन डायॉक्साइड पोटात घेते आणि भेगांतून वर येते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गरम पाण्याच्या झऱ्यासाठी ज्वालामुखी हवाच असे नाही. कोकणात राजापूरजवळ, तसेच ठाणे-पालघरकडे गणेशपुरी-वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. कोकणात त्यांना ‘उन्हाळे’ असा सुरेख शब्द आहे. दख्खनचा काळा दगड लाव्हारसाचाच खरा, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली. त्याची ऊब आता उरलेली नाही. जमिनीत दर किलोमीटर खोल गेल्यावर तापमान साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते. पाणी भेगांतून दीड-दोन किलोमीटर खाली गेले आणि वाटेत निवू न देता लगेच वर आले, तर तेवढे पुरते.

आता धुक्याकडे वळू. प्रथम हिवाळ्यातील धुके. आइझुच्या डोंगरात फार बर्फ पडते, कारण सैबेरियाकडून येणारे कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि डोंगराला अडताच ते येथे टाकतात. चहूकडे बर्फ आणि मध्ये गरम पाण्याचे कुंड असले की कुंडावर दाट वाफ दिसते. खरे पाहता वाफ डोळ्यांना दिसत नाही; दिसतात ते पाण्याचे सूक्ष्म थेंब. ते का बनतात, याचे गणित करून पाहा. ४० अंशांची संपृक्त हवा एका घनमीटरात सुमारे ५१ ग्रॅम बाष्प बाळगते. शून्य अंशाची हवा जेमतेम ५ ग्रॅम बाळगते. दोन्ही समप्रमाणात मिसळल्या, तर मिश्रणाचे तापमान सुमारे २० अंश आणि बाष्प सुमारे २८ ग्रॅम होईल. पण २० अंशांच्या हवेला १७ ग्रॅमच पेलते. उरलेले ११ ग्रॅम थेंब होऊन बाहेर पडतात. (थेंब बनताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा काहीसा कमी येतो.) वर्गात मुलांना हे सांगताना शिक्षकांनी आलेख काढून घ्यावा. तापमान आणि बाष्पधारणेचा आलेख सरळ रेषेत न जाता वर वळतो. तो सरळ असता, तर आपल्या तोंडातून कधीच वाफ दिसली नसती.

छायाचित्रकार ज्याच्यासाठी येतात ते धुके मात्र जून ते ऑगस्टमधील आहे, आणि त्याचे कारण अगदी उलटे आहे. तादामी नदीवर वीजनिर्मितीसाठी ओळीने धरणे बांधलेली आहेत. त्यांपैकी तागोकुरा धरणाची उंची १४५ मीटर आहे. खोल जलाशयात उन्हाने वरचा थर तापतो. ते पाणी हलके असल्याने वरच राहते, आणि वितळलेल्या बर्फाचे थंड, जड पाणी तळाशी टिकून राहते. हे खालचे पाणी नदीत सोडले जाते, म्हणून ऐन उन्हाळ्यातही नदी गार असते. सकाळ-संध्याकाळ दरीतील दमट हवा या पाण्यावर उतरते. समजा हवा २२ अंशांची व सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे. म्हणजे घनमीटरात सुमारे साडेसतरा ग्रॅम बाष्प. ती १६ अंशांपर्यंत निवली, तर तिला साडेतेरा ग्रॅमच पेलते. प्रत्यक्षात धुक्यात पाणी याहून फार कमी असते, कारण पाण्यालगतचा पातळ थरच एवढा निवतो आणि बरेचसे थेंब पाण्यातच परत पडतात. तरीही दरी दुधाने भरल्यासारखी दिसते. वरचे ऊबदार थर झाकणासारखे काम करतात, म्हणून हे धुके वर न जाता नदीलगत पसरून राहते. ऊन चढले की ते विरते.

धरणांनी छायाचित्रकारांना आणखी एक गोष्ट दिली. पाणी अडल्यामुळे नदी संथ झाली आहे. वारा नसेल, तर तिचा पृष्ठभाग आरशाचे काम करतो, आणि पुलाची पोलादी कमान खाली उलटी उमटते. मिशिमाजवळचा ‘पहिला तादामी पूल’ याबद्दल सर्वांत प्रसिद्ध आहे. १७४ मीटर लांबीचा हा पूल १९४१ साली या भागात रेल्वे आली तेव्हाचा. कमानीवरचा भार दाबाच्या रूपाने दोन्ही काठांच्या खडकांत उतरतो, म्हणून नदीच्या मधोमध खांब लागत नाही आणि प्रतिबिंब अखंड राहते.

छायाचित्र घेणाऱ्यापुढे येथे एक कोडे असते. पहाटे उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचे झडप अधिक वेळ उघडे ठेवावे. पण गाडी चालती, म्हणून ते कमी वेळ ठेवावे. किती? समजा गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. चित्राच्या रुंदीत २०० मीटर मावतात आणि कॅमेऱ्यात आडवे ४,००० बिंदू आहेत. तेव्हा एका मीटरला २० बिंदू. झडप १/५० सेकंद उघडे राहिले, तर गाडी २० सेंटिमीटर, म्हणजे ४ बिंदू सरकेल आणि कडा पुसट होतील. १/५०० सेकंदात ती अर्धा बिंदूही सरकणार नाही. मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेऊन लोक तेथे का जातात, हे आता लक्षात आले असेल.

या मार्गावर गाड्या मात्र फार थोड्या. १९८० च्या दशकात जपानमध्ये तोट्यातील अनेक लहान मार्ग बंद करण्यात आले. तादामी मार्ग वाचला, कारण पर्यायी रस्ता पुरेसा नव्हता. आजही कोइदेकडे जाणारा घाटरस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. त्यानंतर जुलै २०११ मध्ये अतिवृष्टी झाली. तादामी येथे चार दिवसांत ७०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला. सहावा व सातवा तादामी पूल वाहून गेला, पाचव्याचाही काही भाग गेला, आणि आइझु-कावागुचि ते तादामी हा २७.६ किलोमीटरांचा तुकडा बंद पडला. पुराच्या आदल्या वर्षी या तुकड्यावर दिवसाला सरासरी ४९ प्रवासी होते. दुरुस्तीचा खर्च सुमारे ९ अब्ज येन. एवढ्या थोड्या माणसांसाठी पूल पुन्हा बांधावेत की बसगाडी चालवावी? रेल्वे कंपनीचा कल बसकडे होता. पण जिल्ह्याने आणि गावांनी २०१७ साली वेगळी तोड काढली: रूळ व पूल जिल्ह्याच्या मालकीचे, गाड्या चालवणार कंपनी. १ ऑक्टोबर २०२२ रोजी अकरा वर्षांनी गाडी पुन्हा सुरू झाली. त्या तुकड्यावर दिवसाला जाण्या-येण्याच्या तीनच फेऱ्या होत्या. ४९ या आकड्यात डोंगरावर कॅमेरा लावून बसणारे मोजले जात नाहीत; ते बहुधा मोटारीने येतात. त्यांना गाडीत कसे बसवायचे, यावर तेथील लोक डोके लढवीत असतात.

नदीच्या पलीकडील काठावर मिफुके नावाची दहाएक घरांची वस्ती होती. १९६४ साली डोंगराचा कडा ढासळल्याने ती उठली. जुन्या नावेची फेरी पुढे गावकऱ्यांनी पुन्हा सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्या नावेत बसलात, तर हात पाण्यात घालून पाहा: बोटे गारठतात आणि चेहऱ्याला मात्र दमट ऊब लागते. सोबत दोन तापमापक असतील तर एक पाण्यात बुडवा, दुसरा डोक्याइतक्या उंचीवर धरा, आणि धुके कोणत्या फरकाला दिसू लागते ते वहीत लिहून ठेवा.