सिमेंट फुटलं नव्हतं, सुटलं होतं

‘पडणारच आहे ना तो दात, मग कशाला एवढा खर्च?’ असं घरातल्या मोठ्यांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवलं होतं. पण मागची दुधाची दाढ पडते साधारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, आणि माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. इतकी वर्षं त्याच दाढेनं पोळी चावायची होती, शिवाय खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही तिनंच राखायची होती. म्हणून जवळच्या दवाखान्यात दाताच्या रंगाचं सिमेंट भरून घेतलं. दिसायला सुरेख, पण महिनाही टिकलं नाही. पुन्हा भरलं, तेही निघालं, आणि निघालं ते अख्खंच्या अख्खं.

मग लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. कागदात बांधून नेलेला तुकडा त्यांनी उलटसुलट करून पाहिला. “हे फुटलेलं नाही, सुटलंय,” म्हणाल्या आणि लगेच विचारलं, “भरताना रडत होता का हो?”

रडत होता म्हणजे काय, भोकाड पसरलं होतं!

तिथून पुढं त्यांनी जे समजावलं, ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हे पांढरं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, दाताला आपणहून चिकटत नाही. आधी फॉस्फोरिक ॲसिड लावायचं, धुवायचं, दात हवा तितका कोरडा करायचा, मग चिकटद्रव्य लावून निळ्या दिव्यानं घट्ट करायचं. ही ॲसिडची युक्ती अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. ॲसिडनं इनॅमलवर सूक्ष्म खाचा पडतात, त्यांत चिकटद्रव्य शिरतं आणि अडकून बसतं. रडणाऱ्या मुलाची लाळ नेमकी त्याच वेळी तिथं आली, तर खाचा बुजतात. नुसतं पुसून भागत नाही, ॲसिडपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

पक्क्या दातालाही हे लागू आहे, पण दुधाच्या दातात आणखी अडचणी. त्याचं इनॅमल पक्क्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं, त्यामुळं कीड झटकन आतल्या डेंटिनपर्यंत पोचते. डेंटिनमध्ये पाणी आणि कोलॅजनचे धागे असतात. तिथं चिकटवणं मोठ्यांच्या दातातही नाजूक काम. दुधाच्या डेंटिनमध्ये तर खनिजं कमी, त्यामुळं ॲसिड लवकर खोल उतरतं. मोठ्यांच्या दाताइतकाच वेळ ते ठेवलं तर चिकटद्रव्य तळापर्यंत पोचत नाही, खाली कोलॅजन उघडं राहतं आणि पकड कच्ची होते. दुधाचा दात म्हणजे लहान मापाचा पक्का दात, असं धरून चालत नाही.

तेव्हा खुर्चीत बसवण्याआधी एवढं विचाराच : दात कोरडा कसा ठेवणार? रबर डॅम, म्हणजे तेवढाच दात बाहेर ठेवणारा रबराचा पडदा, वापरणार असतील तर उत्तम. मूल शांत बसणारच नसेल तर पांढऱ्याचा हट्ट सोडा. ग्लास आयोनोमर सिमेंट दातातल्या कॅल्शियमला स्वतःच धरतं, थोडी ओल चालवून घेतं, फ्लोराइडही सोडतं. मात्र ते लवकर झिजतं. दोन दाढांच्या मधे मोठी कीड असेल तर मला विचाराल तर स्टीलची कॅपच बरी. आमच्याकडे ती पाहून नातेवाइकांनी नाकं मुरडली. खुशाल मुरडू द्यावीत. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांची पद्धत तर अशी, की योग्य दाढ निवडली तर न कोरता, भुलीचं इंजेक्शन न देता कॅप बसवता येते.

दुखतं म्हणून लवंगेचं तेल लावलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यातलं युजेनॉल कॉम्पोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही.

आणि सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप एक दाढ उगवते, तिच्याकडे लक्ष ठेवा. कुठलाच दात न पाडता ती येते, म्हणून अनेक आया तिला दुधाचीच समजतात. ती पक्की असते. तिच्या खाचा सीलंटनं बुजवून घेता येतात, पण अर्धी हिरडीखाली असताना ती कोरडी राहत नाही. मुलाच्या दाढेवर म्हणूनच डॉक्टरांनी आधी ग्लास आयोनोमर लावलं, आणि ती पूर्ण वर आल्यावर रबर डॅम लावून रेझिनचं सीलंट.